एचडी शूटिंग डीव्हीडीवर घेताना चित्र का फुटतं, आणि ते कसं सुधारायचं

शिमग्यात मोबाइलवर काढलेली पालखी मोबाइलवर झकास दिसते. मानकऱ्याच्या फेट्याची घडी न् घडी मोजून घ्यावी. तीच डीव्हीडीवर घेऊन घरच्या टीव्हीवर लावली की चेहरे धुरकट, गुलाल उडाला की नुसते चौकोन, आणि पालखी नाचायला लागली की चित्र झटके देतं. मग आपण दुसरी डिस्क घालतो, स्पीड कमी करतो, पुन्हा राइट करतो. चित्र जसंच्या तसं.

ते तसंच राहणार. डिस्क राइट करणं म्हणजे तयार फाइलमधले आकडे डिस्कवर उतरवणं. राइटर चित्र धूसर करू शकत नाही, त्याला ते येतच नाही. चित्र बिघडलेलं असतं ते त्याच्या आधी, एचडी फाइल डीव्हीडीच्या साच्यात बसवताना. नाहीतर त्याच्या नंतर, प्लेअर आणि टीव्हीत. म्हणून डिस्कवर डिस्क वाया घालवण्याआधी बिघाड कुठे शिरला ते शोधायचं. हा लेख सगळा त्याबद्दल आहे.

आता डीव्हीडी बघतं कोण, असं कुणी विचारेल. आमच्याकडे अजून बघतात. गावच्या घरी जुना प्लेअर असतो, म्हाताऱ्या माणसांना रिमोटचं एकच बटण ठाऊक असतं, मंडळाला नमनाच्या खेळाची डिस्क दप्तरी ठेवायची असते आणि मुंबईला परतणारे चाकरमानी जाताना 'लग्नाची सीडी झाली काय?' असं विचारूनच गाडीत बसतात.

काय काय हवं

- मूळ फाइल. कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून केबलने काढलेली.
- डीव्हीडी राइटर. नव्या लॅपटॉपला नसतो, पण यूएसबीवर चालणारा बाहेरचा मिळतो.
- दोन-तीन रीराइटेबल डिस्क चाचणीसाठी, आणि पक्क्या कॉपीसाठी चांगल्या कंपनीच्या कोऱ्या डीव्हीडी-आर.
- मीडियाइन्फो (फाइलच्या पोटात काय आहे ते सांगतं), व्हीएलसी (बघायला), हँडब्रेक (फाइल साफ करायला), डीव्हीडीस्टायलर (मेनू आणि डीव्हीडीची रचना करायला), इमेजबर्न (विंडोजवर राइट करायला). पाचही फुकट आहेत. उतरवताना मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि इन्स्टॉल करताना भलत्याच सॉफ्टवेअरपुढे बरोबरची खूण असेल तर ती काढा.
- हार्ड डिस्कवर भरपूर मोकळी जागा, आणि लाइट गेली तरी चालू राहील असा संगणक.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही. ते एमपी४ किंवा एमकेव्ही फाइल बनवतं. ती फाइल तशीच डिस्कवर टाकली तर ती डेटा डिस्क होते आणि जुना प्लेअर 'नो डिस्क' म्हणून हात वर करतो.

१. बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते आधी पकडा

शूटिंगमधला एकच कठीण तुकडा निवडा, मिनिटभराचा. पालखी नाचवतानाचा, फुगडीचा, काहीही, पण भरपूर हालचालीचा. तोच तुकडा पुढच्या क्रमाने बघा:

मूळ फाइल संगणकावर, व्हीएलसीत. मग एडिट करून काढलेली फाइल. मग डीव्हीडीस्टायलरने तयार केलेली आयएसओ फाइल (अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये), तीही व्हीएलसीतच, डिस्क राइट न करता. मग राइट केलेली डिस्क त्याच संगणकात. आणि शेवटी तीच डिस्क प्लेअरमध्ये, टीव्हीवर.

ज्या पायरीवर चित्र पहिल्यांदा बिघडलेलं दिसेल, दोष तिथलाच. आयएसओमध्येच चौकोन दिसत असतील तर डिस्क बदलून काहीही होणार नाही. आयएसओ ठीक आणि डिस्क अडखळते, तर डिस्क किंवा राइटर. संगणकात डिस्क ठीक आणि टीव्हीवर वाईट, तर प्लेअर, केबल किंवा टीव्हीची सेटिंग.

लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. हालचालीच्या वेळी, प्रत्येक प्लेअरवर, सारखेच फुटणारे चौकोन म्हणजे बिटरेट (प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारा डेटा) कमी. चालत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा म्हणजे इंटरलेसचा (एक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन भागांत साठवण्याच्या पद्धतीचा) घोळ. दर काही क्षणांनी छोटा हिसका म्हणजे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम) बदललाय. आणि चित्र एकाच जागी थिजतं, राइटरमधून खरखर आवाज येतो, फाइल कॉपी करतानाही तिथेच अडतं, तर मात्र डिस्क खराब आहे.

एक गोष्ट मात्र लक्षणांत धरू नका. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात, डीव्हीडीच्या पाल पद्धतीत (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) ७२० गुणिले ५७६. भागाकार करून बघा, बरोबर पाचपट फरक आहे. म्हणजे पाचातले चार पिक्सेल जाणारच. मोठ्या टीव्हीवर डीव्हीडी थोडी मऊ दिसते तो दोष नाही, ती डीव्हीडीची मर्यादा आहे. दूरच्या बॅनरवरची अक्षरं परत येणार नाहीत. माणसांचे चेहरे, कपड्यांचे रंग आणि सुरळीत हालचाल एवढं मात्र नक्की मिळतं, आणि ते मिळालं नाही तर काहीतरी चुकलंय.

२. डीव्हीडीच हवी का, ते ठरवा

डिस्क ज्याच्या घरी जाणार त्याच्याकडे काय आहे ते विचारा. डीव्हीडी प्लेअर असेल तर डीव्हीडीला पर्याय नाही. ब्ल्यू-रे प्लेअर किंवा डिस्क ड्राइव्ह असलेलं प्लेस्टेशन ३ अथवा त्यानंतरचं मॉडेल असेल, तर ब्ल्यू-रेवर एचडी तसंच्या तसं राहतं. एकपदरी ब्ल्यू-रेवर २५ जीबी मावतात, दुपदरीवर ५०. मात्र राइटर ब्ल्यू-रेचा लागतो, साध्या डीव्हीडी राइटरने ते होत नाही. ब्ल्यू-रेच्या नियमांत सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचं १०८० चित्र बसत नाही, हेही आधीच बघून ठेवा. असं शूटिंग १०८० इंटरलेस करावं लागतं, नाहीतर ७२० रेषांवर आणावं लागतं.

मधला एक मार्ग आहे, तो फार लोकांना माहीत नसतो. साध्या डीव्हीडीवरच एव्हीसीएचडी रचनेत एचडी चित्र राइट करता येतं. सोनी आणि पॅनासॉनिकने ही रचना २००६ मध्ये आणली. डीव्हीडीवर तिची कमाल मर्यादा १८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे, आणि १४ च्या आसपास ठेवलं तर पाऊण तासाला थोडं कमी मावतं. बरेच ब्ल्यू-रे प्लेअर ही डिस्क चालवतात, पण साधा डीव्हीडी प्लेअर अजिबात चालवत नाही. त्यामुळे वाटायला नको, एखाद्या घरापुरती ठीक.

समोरच्याचा टीव्ही पेनड्राइव्ह घेत असेल तर खरं म्हणजे डिस्कच्या जोडीला पेनड्राइव्ह द्या. फक्त फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, तेव्हा लांबलचक लग्नाचे तुकडे करावे लागतात.

३. मूळ फाइल खरंच मूळ आहे का

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप मूळ नसते. वाटेत ती दाबली जाते आणि गेलेलं परत येत नाही. हळदीला जमलेल्या बारा जणांकडून क्लिपा गोळा करायच्या असतील तर त्यांना केबलने, गूगल ड्राइव्हवरून, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. सगळे 'हो' म्हणतील आणि निम्मे साधीच पाठवतील, तेव्हा फाइलचा आकार बघून परत मागायची तयारी ठेवा.

मग प्रत्येक फाइल मीडियाइन्फोत उघडा. चार ओळी बघायच्या: फ्रेमरेट किती, तो 'कॉन्स्टंट' आहे की 'व्हेरिएबल', स्कॅन प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम) आहे की इंटरलेस्ड, आणि रंगाच्या माहितीत 'एचडीआर' (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारं चित्र), 'एचएलजी' किंवा 'डॉल्बी व्हिजन' लिहिलंय का.

'व्हेरिएबल' हा मोबाइलचा खास रोग. अंधार पडला की फोन आपोआप फ्रेम कमी घेतो. तशी फाइल थेट डीव्हीडीस्टायलरला दिली की हळूहळू आवाज पुढे आणि ओठ मागे पडतात. आरतीत टाळ आधी वाजतो आणि हात नंतर जुळतात. अशी फाइल आधी हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' लावून, गुणवत्तेचा 'आरएफ' आकडा १६ ते १८ ठेवून काढा. फाइल मोठी होईल, होऊ द्या, ती नंतर पुसायचीच आहे.

फोनचं एचडीआर शूटिंग डीव्हीडीवर घेतलं की फिकट, दूध सांडल्यासारखं दिसतं. पुढच्या वेळी शूटिंगआधीच फोनमध्ये एचडीआर बंद करा. आहे त्या फाइलला एडिटरमध्ये साध्या रेक. ७०९ (एचडीची नेहमीची रंगपट्टी) रंगात बदलून घ्यावं लागतं.

४. फ्रेमरेट: २५ की ३०

आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. बहुतेक फोन मात्र ३० ने शूट करतात. आता ३० च्या २५ करायच्या तर सॉफ्टवेअर एकतर प्रत्येक सहावी फ्रेम फेकून देतं, किंवा शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतं. पहिल्या प्रकारात पालखी हिसके देत नाचते, दुसऱ्यात प्रत्येक हाताला दुसरा फिकट हात फुटतो. बिटरेट कितीही वाढवला तरी हे जात नाही, आणि लोक नेमकं तेच करत बसतात.

उपाय सोपा आहे: ३० चं शूटिंग पालमध्ये बसवूच नका. डीव्हीडीस्टायलरमध्ये नवा प्रकल्प उघडताना 'एनटीएससी' निवडा. त्यात चित्र ७२० गुणिले ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. रेषा थोड्या कमी मिळतात, पण हालचाल लोण्यासारखी. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, एलईडी टीव्हीही. अडचण येते ती जुन्या डबा टीव्हीवर. तिथे चित्र काळंपांढरं दिसू शकतं किंवा वरखाली सरकू शकतं. असा टीव्ही कुणाकडे असेल तर आधी रीराइटेबल डिस्कवर दोन मिनिटांचा नमुना देऊन बघा.

मूळ शूटिंग २५ किंवा ५० चं असेल तर पाल. ३० किंवा ६० चं असेल तर एनटीएससी. लग्नात व्हिडिओवाल्याचा कॅमेरा ५० वर आणि भावाचा फोन ३० वर, अशी सरमिसळ असेल तर ज्याचं शूटिंग जास्त त्याची पद्धत घ्या आणि दुसऱ्याच्या हालचाल कमी असलेल्याच क्लिपा वापरा.

पुढच्या शूटिंगसाठी: आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, 'रेकॉर्ड व्हिडिओ'खाली, पाल फॉरमॅट दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की २५ चा पर्याय येतो. आणि मांडवातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकत असतील तर ते डीव्हीडीचं पाप नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं. आपोआप १/६० वर गेलं की पट्टे आलेच, आणि ते नंतर काढणं महाकठीण.

५. बिटरेटचा हिशोब

सगळ्यात जास्त डिस्का इथे वाया जातात.

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. विंडोज हाच आकडा ४.३७ दाखवतं, दोघंही बरोबर आहेत, मोजायची रीत वेगळी. पाहुणे वाढले म्हणून पातेलं मोठं होत नाही, तसंच इथे: शूटिंग जितकं लांब, तितका प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला कमी डेटा येतो.

कागदावर करायचा हिशोब असा. ६०० ला मिनिटांनी भागा. येईल तो आकडा चित्र आणि आवाज मिळून एमबीपीएस. (खरा भागाकार ६२७ च्या आसपास येतो, पण मेनू आणि डिस्कच्या कडेला थोडी जागा सोडलेली बरी.)

- ६० मिनिटं: १० येतात, पण डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे आणि जुने प्लेअर तिथे धापा टाकतात. ८ ठेवा.
- ९० मिनिटं: सुमारे ६.७. छान.
- १२० मिनिटं: ५. चालतं, शूटिंग शांत असेल तर.
- १८० मिनिटं: ३.३. नको.

दुपदरी डिस्क ८.५ जीबीची असते, तिच्यासाठी ६०० च्या जागी ११०० धरा. पण जुने प्लेअर दुपदरी डिस्कवर रुसतात आणि दुसऱ्या पदरावर जाताना क्षणभर थांबतात. मला विचाराल तर साध्या दोन डिस्का कधीही बऱ्या. 'भाग १: हळद ते लग्न, भाग २: वरात आणि पूजा' असं लिहून द्या, कुणी तक्रार करत नाही.

आवाजाकडेही बघा. आवाज पीसीएममध्ये (न दाबता) ठेवला तर तो एकटाच दीड एमबीपीएस खातो. दोन तासांच्या डिस्कमध्ये तो जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी३, १९२ किंवा २२४ केबीपीएस ठेवा. सनईत काही कमी पडत नाही. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ हवं, ४४.१ नव्हे.

आता 'शूटिंग शांत असेल तर' म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण कोकणात शूटिंग शांत नसतंच.

डीव्हीडीचा एमपेग-२ एन्कोडर (चित्र दाबून साठवणारं सॉफ्टवेअर) साधारण अर्ध्या सेकंदाला एकदा पूर्ण चित्र साठवतो. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितो. पडवीत बसून गाऱ्हाणं घालणारा म्हातारा गावकर त्याला स्वस्तात पडतो: मागची भिंत तीच, खांब तोच, फक्त ओठ आणि हात हलतात. पण मागे समुद्र आला की दर फ्रेमला अख्खी लाट बदलते. माडाच्या झावळ्या वाऱ्यावर हलत असतील तर हजारो बारीक पात्या एकदम बदलतात. मुसळधार पाऊस, आंगणेवाडीच्या जत्रेतली गर्दी, हवेत उधळलेला गुलाल, सगळं तसंच. एन्कोडरच्या हातात ठरलेलेच बिट असतात, ते पुरले नाहीत की तो चित्र १६ गुणिले १६ पिक्सेलच्या तुकड्यांत ढोबळ करतो. टीव्हीवर दिसणारे चौकोन ते हेच.

कुणकेश्वराच्या देवळामागे लाटा फुटतायत आणि पुढे नवरा-नवरी उभी आहेत, हा फोटोग्राफरचा लाडका शॉट एन्कोडरला सगळ्यात महाग. त्यात कॅमेरा हातात धरलेला असेल तर मागची भिंतसुद्धा दर फ्रेमला सरकते. म्हणून स्टँड. हृदयातून फिरत येणारे, पान उलटणारे, चमचम पडणारे इफेक्टही बिट खातात. व्हिडिओवाल्यांना ते का आवडतात कोण जाणे. काढून टाका, डीव्हीडीही सुधारेल आणि लग्नही.

रात्रीच्या दशावताराची गोष्ट वेगळीच. देवळासमोरच्या मांडवात दोन दिवे, बाकी काळोख. फोन किंवा कॅमेरा उजेड ओढायला लागतो आणि चित्रात रवाळ दाणे येतात. हे दाणे दर फ्रेमला जागा बदलतात, म्हणजे एन्कोडरच्या लेखी अख्खं चित्र सतत हलतंय. संकासुर काळ्या वेशात काळोखातून पुढे येतो तेव्हा बघा: पांढरी दाढी ठीक दिसते आणि काळा अंगरखा मात्र काळ्या-करड्या ठोकळ्यांचा होऊन सळसळतो. इथे बिटरेट वाढवण्याआधी दाणे कमी करा. हँडब्रेकमध्ये डीनॉइझखाली 'एनएलमीन्स' आहे, तो हलका लावा. जोरात लावला तर रंगवलेला चेहरा मेणाचा दिसतो. मग एका डिस्कवर तासभरापेक्षा जास्त घेऊ नका. नाटक पहाटेपर्यंत चालणार, तेव्हा डिस्का जास्त लागतील हे मंडळाला आधीच सांगून ठेवा.

आणि सॉफ्टवेअरमध्ये 'टू पास' (दोन फेऱ्या) किंवा 'व्हीबीआर' (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट) पर्याय असेल तर तोच घ्या. पहिल्या फेरीत ते अवघड जागा हेरतं, दुसऱ्या फेरीत गाऱ्हाण्यातून वाचवलेले बिट गुलालाला देतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. रात्री लावून झोपा.

६. इंटरलेस आणि फील्ड

फोनवाल्यांनी ही पायरी ओलांडली तरी चालेल, फोन प्रोग्रेसिव्ह शूट करतो. पण व्हिडिओवाल्याकडून आलेली फाइल किंवा घरातल्या जुन्या हँडीकॅमची फाइल बहुधा '१०८०आय', म्हणजे इंटरलेस, असते. तिच्यात प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एकात सम रेषा, दुसऱ्यात विषम, आणि दोघींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर.

अशी फाइल तशीच लहान केली तर दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकींत कालवल्या जातात आणि हलणारी प्रत्येक वस्तू दुहेरी, मळकट होते. आधी डीइंटरलेस, मग लहान करणं, हाच क्रम. हँडब्रेकमध्ये 'यॅडिफ' किंवा 'डीकोंब' हे 'बॉब' पर्यायासह लावलं तर ५० पूर्ण फ्रेम मिळतात, आणि त्यावरून पुढे इंटरलेस्ड डीव्हीडी केली की मूळची सुरळीत हालचाल टिकते.

दुसरी अडचण फील्डच्या क्रमाची. एचडीत वरचं फील्ड आधी असतं. जुन्या टेपच्या डीव्ही कॅमेऱ्यात खालचं आधी. दोन्हीचं शूटिंग एका टाइमलाइनवर आलं आणि क्रम उलटा लागला तर माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत चालतो. संगणकावर हे बऱ्याचदा कळतच नाही, टीव्हीवर लगेच कळतं. व्हीएलसीत डीइंटरलेस 'यॅडिफ २एक्स' वर ठेवा आणि 'ई' ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. वस्तू मागे-पुढे उड्या मारताना दिसली तर क्रम उलटा आहे.

मंगलोरी कौलांचं छप्पर, जांभ्याच्या भिंतीतले सांधे, साडीचा बारीक काठ यांवर चमचम दिसत असेल तर आडव्या बारीक रेषा इंटरलेसमध्ये लुकलुकतायत. प्रोग्रेसिव्ह शूटिंग असेल तर डीव्हीडीही प्रोग्रेसिव्ह ठेवा, नाहीतर एडिटरमध्ये 'अँटी फ्लिकर' किंचित लावा. 'शार्पन' तर मुळीच नको. धूसर दिसतंय म्हणून लोक तेच वाढवतात आणि चमचम दुप्पट करून घेतात.

७. आकार आणि रंग

माणसं उभट, बारीक दिसत असतील तर १६:९ ची खूण राहिली. डीव्हीडीस्टायलरच्या प्रकल्पात आणि प्रत्येक क्लिपच्या गुणधर्मांत, दोन्हीकडे १६:९ करा. उभ्या फोनने घेतलेल्या क्लिपा बाजूला काळ्या पट्ट्यांसह येतील, ताणू नका. नावं आणि तारखा कडेपासून दहा टक्के आत ठेवा, जुने टीव्ही कडा कापतात.

एचडी आणि डीव्हीडी यांची रंग मोजायची पट्टी वेगळी आहे, रेक. ७०९ आणि रेक. ६०१. बदल नीट झाला नाही तर लाल आणि हिरवे रंग किंचित सरकतात. नवरीचा हिरवा चुडा मूळ फाइलशी ताडून बघा, तिथे लगेच लक्षात येतं. एडिटिंगला प्रीमिअर वापरत असाल तर निर्यात करताना 'मॅक्सिमम रेंडर क्वालिटी' वर खूण करा, लहान केलेलं चित्र बरंच नेटकं येतं.

८. राइट करताना

इतकं सगळं झाल्यावर हे काम सोपं. १६एक्सच्या डिस्कवर ८एक्सने राइट करा. वेगाने चित्राची गुणवत्ता बदलत नाही, वाचताना येणाऱ्या चुका कमी-जास्त होतात एवढंच. इमेजबर्नमध्ये 'व्हेरिफाय' चालू ठेवा. डिस्क काठोकाठ भरू नका, चुका बाहेरच्या कडेला आधी येतात. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या. रीराइटेबल डिस्क कमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे काही प्लेअर ती ओळखत नाहीत. म्हणून ती चाचणीपुरतीच.

यूएसबी राइटर थेट लॅपटॉपला जोडा, हबला नको. वीज कमी पडली की तो अर्ध्यात सोडून देतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. मृगाच्या पहिल्या गडगडाटात लाइट जाणार हे ठरलेलंच, आणि अर्धी राइट झालेली डीव्हीडी-आर पुन्हा वापरता येत नाही.

डिस्क घेताना तिचं वय बघा. एके काळी गल्लोगल्ली मिळणारी मोजर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, तेव्हा आता कुठे तिचा गठ्ठा दिसला तर तो इतके पावसाळे दुकानाच्या कुठल्या कोपऱ्यात काढून आलाय हा प्रश्न विचारावाच.

९. प्लेअर आणि टीव्ही

आयएसओ उत्तम, डिस्क उत्तम, तरी टीव्हीवर रया नाही? मागे वाकून केबल बघा. पिवळी-लाल-पांढरी असेल तर बरंचसं उत्तर तिथेच. पिवळ्या वायरीतून सगळं चित्र एकत्र येतं, रंग पाझरतात. प्लेअरला एचडीएमआय असेल तर ती लावा. प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा प्रकार १६:९ करा. तिथे '४:३ पॅन स्कॅन' असेल तर दोन्ही बाजूंचे वऱ्हाडी कापले जातात. टीव्हीत 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' काढून 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' ठेवा, शार्पनेस खाली आणा. निम्मे चौकोन तिथेच सौम्य होतात.

समुद्राकाठच्या घरांत प्लेअरच्या लेन्सवर दमट हवेने पुट चढतं. ओळखायची खूण: विकत आणलेली डिस्कसुद्धा अडकते.

१०. पावसाळ्यात जपायचं कसं

डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, दमटपणाने तो फुगतो आणि डिस्क डगमगत फिरते. डिस्कसाठीच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहा. डबीत उभी ठेवा, डबीसोबत सिलिका जेलची पुडी टाकून पिशवी बंद करा, आणि दर पावसाळ्याआधी पुडी बदला. बुरशीचा डाग पडला तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही.

डबीवर पाल की एनटीएससी, मिनिटं किती आणि भाग कितवा हे लिहून ठेवा. आयएसओ फाइल आणि मूळ शूटिंग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक गावच्या घरी आणि एक मुंबईकडे. पुढच्या वर्षी कुणीतरी आणखी एक कॉपी मागणारच.